ताईचे ऑफिस निर्धोक होते

सुरक्षितता हे मानवजातीचे सर्वांत उदात्त ध्येय आहे, असे आमच्या भाऊजींचे ठाम मत आहे. हे मत बाळगण्याचा त्यांना दरमहा पगार मिळतो.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी आहेत. यंत्रात कुणाचे बोट जाऊ नये, डोक्यावर पत्रा पडू नये, सांडलेल्या तेलावरून कुणी घसरू नये, हे पाहणे त्यांचे काम. पाहणे एवढेच, करायचे काय ते मालक ठरवतात. कुठल्याही कामगाराशी बोलताना भाऊजींचे वाक्य 'जपून' या शब्दाने संपते, म्हणून कारखान्यात त्यांना जपूनराव म्हणतात. हे त्यांच्या कानावर आलेले आहे. त्यांना तो बहुमान वाटतो.

त्यांच्या शास्त्रात एक शिडी आहे. सगळ्यांत वरची पायरी अशी, की धोका मुळातूनच काढून टाका. ते जमत नसेल तर वरून दुसरी: त्याच्या जागी कमी धोक्याचे काहीतरी आणा. तेही जमत नसेल तर भोवती जाळी लावा, मग नियमांच्या पाट्या लावा, आणि काहीच जमत नसेल तर माणसाच्या डोक्यावर हेल्मेट ठेवून त्याला शुभेच्छा द्या. कारखान्याचे मालक ही शिडी दर वेळी खालून चढायला घेतात आणि हेल्मेटच्या पायरीवरच त्यांना दम लागतो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत भाऊजींनी हेल्मेटे सोडून दुसरे काही वाटलेले नाही. कुणाला गाण्याची हौस असते, कुणाला जमिनीचा तुकडा घेण्याची. भाऊजींना एकदा, निदान एकदा, वरच्या पायरीवर पाय ठेवून बघायचे होते.

त्यांच्या पायाखाली ताईचे ऑफिस आले.

ताई घरी बसून परदेशी मालिकांची उपशीर्षके लिहिते. पडद्यावरची माणसे जे काही बोलतात ते खाली आपल्या भाषेत, जास्तीत जास्त दोन ओळींत. पात्राचे ओठ मिटायच्या आत ओळ संपली पाहिजे आणि बघणाऱ्याला ती वाचूनही झाली पाहिजे. पात्र बिचारे रडत रडत पानभर बोलते. ताईला ते दोन ओळींत आवळावे लागते. हे कसब लग्नानंतर फार वाढले, असे ती म्हणते. त्या महिन्यात एका मोठ्या कंपनीने तिला आधीच प्रदर्शित झालेली एक अख्खी खुनाची मालिका नमुन्यादाखल करायला दिली होती. महिनाअखेरीस द्यायची, पसंत पडली तर कायमची नोकरी. धाकटा मुलगा झाल्यापासून ताई हे काम तुकड्यातुकड्यांनी, मिळेल तेव्हा, कुणाच्या तरी झोपेच्या आधाराने करत होती. तिला ही नोकरी हवी होती. किती हवी होती ते मला कळत होते, कारण ती त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती.

आता मुले. थोरली चार वर्षांची. तिला घरात फौजदार म्हणतात, कारण ती प्रश्न विचारत नाही, जबाब घेते. धाकटा दीड वर्षाचा, तो भुंगा. भोक दिसले की त्यात बोट घालणे हा त्याचा धर्म आहे. बोट मावत नसेल तर तो हिरमुसत नाही, मावेल अशी वस्तू शोधून आणतो.

ताईचे ऑफिस म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली एक लहान खोली. तीत टेबल, चाकांची खुर्ची, लॅपटॉप, प्रिंटर, नको ते कागद कातरून टाकायचे यंत्र, पुस्तकांचे कपाट आणि खिडकीला दोरीने वर-खाली होणारा पडदा. दार लावून बसले की भुंगा दाराबाहेर असा टाहो फोडतो की शेजारचे येऊन कोण गेले म्हणून विचारतात. तेव्हा दार उघडेच ठेवायचे, पण पोरे आत आली तरी दर ओळीला उठावे लागू नये, इतकेच ताईला हवे होते. तिने भाऊजींना सांगितले, टेबलाच्या कोपऱ्यांना रबर लावून दे आणि ते कातरायचे यंत्र माळ्यावर टाक. एका दुपारचे काम.

भाऊजींनी आठवड्याची रजा टाकली.

रजेचे कळल्यावर ताईला आनंद झाला. तिला वाटले, मुलांना सांभाळायला घेतली आहे. संसार अशाच समजुतींवर उभा असतो.

पहिल्या दिवशी पाहणी. मला वरच्या मजल्यावरून बोलावून घेण्यात आले. मी कॉलेजात शिकवतो, म्हणजे घरच्यांच्या हिशेबी बारा महिने रिकामा असतो. भाऊजींचे म्हणणे असे, की धोका मोठ्या माणसाच्या उंचीवरून दिसतच नाही, खोली मुलाच्या डोळ्यांनी बघितली पाहिजे. त्यांनी हातात बॅटरी घेतली आणि रांगायला सुरुवात केली. बाप अखेर आपल्या जातीत आला याचा भुंग्याला एवढा हर्ष झाला की तो लगेच त्यांच्या पाठीवर चढून बसला. सापडलेल्या प्रत्येक धोक्यावर एक गोल लाल स्टिकर लावायचा, अशी पद्धत. दुपारपर्यंत खोली गोवर आल्यासारखी दिसू लागली. मग भुंग्याने खालच्या बाजूचे स्टिकर खरवडून खायला घेतले. दोन त्याच्या तोंडातून काढले, एकाचा तपास लागला नाही. त्या दिवशी खोलीतला एकमेव खरा धोका भाऊजींनी दुकानातून विकत आणला होता.

टेबलाखालून उठताना त्यांचे डोके कोपऱ्यावर आपटले. ताईच्या सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, लहानपणीही तू असाच टेबलावर आपटला होतास, खूण अजून आहे कपाळावर. "तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, काही गेलेलं नाही. मला तेव्हाच शंका होती."

टेबल दोषी ठरले. कोपऱ्यांना लावायचे रबर मी आठवणीने आणले होते, ते पुढे केले. भाऊजींनी माझ्याकडे, एखाद्या अभंग समजून लावणी ऐकणाऱ्याकडे बघावे तसे बघितले.

"अरे, हे हेल्मेट झालं," ते म्हणाले. "टेबलाला हेल्मेट. धोका आहे तिथेच आहे, नुसता टोपी घालून बसलाय."

टेबल गेले. म्हणजे दिवाणखान्यात गेले. त्याच्या मागोमाग चाकांची खुर्ची, कारण ती चालते आणि बोटावरूनही चालू शकते. तिच्या जागी स्टूल आले, तेही गेले, कारण ते चालत नसले तरी कलंडते. प्रिंटर गेला, कातरायचे यंत्र गेले. पुस्तकांचे कपाट भिंतीला आवळून टाकायचे ठरले, पण पहिल्याच खिळ्याला भिंतीचा हातभर पोपडा खाली आला आणि दुसऱ्या बाजूने शेजाऱ्यांचा आवाज अधिक स्पष्ट येऊ लागला. मग कपाटही गेले. खोलीतला प्रत्येक धोका अशा रीतीने मुळातून काढून दिवाणखान्यात रचण्यात आला. मुलेही अर्थात तिथेच असत. फौजदाराने आडव्या ठेवलेल्या कपाटात चौकी थाटली आणि भुंग्याने चाकांच्या खुर्चीचा उपयोग गाडी म्हणून, टेबलाचा फलाट म्हणून सुरू केला. सासूबाईंनी हे भाऊजींच्या नजरेला आणले, तेव्हा ते म्हणाले की सध्या विषय ऑफिसचा चालू आहे.

धोक्याची वस्तू मुलांच्या हाताबाहेर ठेवावी, हे तत्त्व कुणीही मान्य करील. आठवडा निम्मा होईपर्यंत मात्र भाऊजीच हाताबाहेर गेले होते. खिडकीची दोरी गळ्याला अडकू शकते, म्हणून ती कापली. पडदा होता तिथेच, अर्ध्यावर, कायमचा थांबला आणि ऊन नेमके जिथे लॅपटॉप ठेवला असता तिथे पडू लागले. विजेच्या प्लगच्या खाचांवर त्यांनी कारखान्यातून मागवलेली झाकणे बसवली. मूल उघडू शकत नाही अशी त्यांची ख्याती होती. ती भाऊजींनाही उघडेनात, तेव्हा ख्यातीत तथ्य आहे असे त्यांनी मानले. सर्वांत शेवटी हेडफोन. वायर हा धोका होताच, पण भाऊजींचा मुद्दा सखोल होता: आईच्या कानात खुनाचा आवाज असेल तर पोराच्या रडण्याचा कसा जाणार? हेडफोन बेडरूमच्या कपाटावर गेले.

या काळात ताई कुठे होती, असा प्रश्न वाचकाला पडला असेल. घरात तो कुणाला पडला नाही. "तोवर जरा स्वयंपाकघरात बस," असे भाऊजी पहिल्या दिवशी म्हणाले होते, आणि बसायला तिथे जागा नसल्यामुळे ताई उभी होती. ओट्यावर पिठाचा डबा, डब्यावर लॅपटॉप. डाव्या हाताला गॅसवर दूध, उजव्या हाताला सुऱ्या, पायाशी भुंगा. ती एका डोळ्याने खून बघत होती, एका डोळ्याने दूध. टायपिंग थांबवायचे, भुंग्याच्या हातातून सोलाणे काढून घ्यायचे, पुन्हा टायपिंग. भाऊजी मधूनमधून पाणी प्यायला येत. ओव्हनच्या दाराला लोंबकळणाऱ्या पोरावरून पाय टाकून जात आणि जाता जाता ताईला म्हणत, "जपून."

आवाज आता उघडाच चालू असे, आणि ताईला सवय अशी की लिहिताना ओळ ती पुटपुटून बघते. वाचायला किती वेळ लागतो त्याचा अंदाज येतो. पुटपुटलेले सगळे फौजदाराच्या कानात जात होते. एका संध्याकाळी भाऊजी बराच वेळ दिसले नाहीत, तेव्हा ती आजीपुढे जाऊन उभी राहिली.

"त्यांना शेवटचं जिवंत कुणी पाहिलं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "पण खात्रीने नाही सांगता येणार."

भाऊजी फोमच्या लाद्या आणायला गेले होते. रंगीत, एकमेकींत अडकणाऱ्या, मुलांच्या खोलीत जमिनीवर पसरतात तशा. त्यांनी त्या जमिनीवर पसरल्या, आणि उरल्या म्हणून भिंतींनाही चिकटवल्या. पडलेल्या पोपड्याची जागाही त्यात झाकली गेली. तेवढे एक काम मात्र छान झाले.

मालिका द्यायला आता दोन दिवस उरले होते आणि ताईचे शेवटचे भाग व्हायचे होते. त्यांत खुनी पकडला जातो आणि फार बोलतो. दुपारी तिने लॅपटॉप मिटला आणि भाऊजींना विचारले, टेबल कधी आत येणार. भाऊजी म्हणाले, आधी खोली तर बघ. आम्हा सगळ्यांना त्यांनी बोलावले, चपला बाहेर काढायला लावल्या आणि दार उघडले.

खोलीत काहीही नव्हते. चारी बाजूंनी मऊ, रंगीबेरंगी, स्वच्छ. भुंगा धावत जाऊन भिंतीवर आपटला आणि परत आला. पुन्हा आपटला आणि परत आला. भाऊजींचा ऊर भरून आला होता. ज्या पायरीसाठी त्यांनी उभी हयात मालकांच्या विनवण्या केल्या, तीवर ते या क्षणी उभे होते.

"बघ," ते म्हणाले. "शोधून एक धोका दाखव."

सासूबाई म्हणाल्या, काही ठेवलंच नाहीस तर धोका बिचारा राहील कुठे. ताईने विचारले, मी कुठे राहू? भाऊजी म्हणाले, जमिनीवर बस की, मांडीवर लॅपटॉप घे, चार्जिंग स्वयंपाकघरात करून आणत जा.  ताईने खोलीभर नजर फिरवली. भाऊजींनीही फिरवली, आणि ती फिरत फिरत ताईवर येऊन थांबली. मी त्यांना कारखान्यात यंत्रापुढे असे उभे राहिलेले बघितले आहे.

"एक धोका राहिलाय," ते सावकाश म्हणाले.

"कुठला?"

"तू. म्हणजे तू नाही गं, तुझं काम. तू ओळ लिहीत असतेस तेव्हा तुझं लक्ष पोरांवर नसतं. बाकीचं सगळं मी मुळातून काढलं. एवढं एक काढलं ना, की ही खोली..."

 त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, कुरघोडी नव्हती. अडलेले गणित सुटल्याचा निखळ आनंद होता. लबाडी असती तर बरे झाले असते. तिच्याशी भांडता तरी येते.

इथे एक सांगितले पाहिजे. ताई भाऊजींना एरवी अरे-तुरे करते. पाहुण्यांसमोर करते, सासूबाईंसमोर करते, भांडतानाही करते.

"अहो," ताई म्हणाली.

सासूबाईंनी भुंग्याला उचलून कडेवर घेतले. मी दाराकडे सरकलो.

"अहो, तुमच्या शिडीची वरून दुसरी पायरी कोणती?"

"बदली," भाऊजी म्हणाले. आवाज तोंडी परीक्षेला बसल्यासारखा. "धोक्याच्या जागी कमी धोक्याचं काहीतरी आणायचं."

"मग आपण तीच घेऊ या. लक्ष नसलेलं माणूस काढायचं, लक्ष असलेलं ठेवायचं. तुमचं लक्ष असतं ना पोरांवर?"

"असतं की."

"रजा आहे?"

"आहे अजून."

"मग बसा तुम्ही."

ती बेडरूममध्ये गेली, स्टुलावर चढून कपाटावरचे हेडफोन काढले, लॅपटॉप आणि चार्जर उचलला आणि जिना चढून माझ्या घरी गेली. माझ्या जेवणाच्या टेबलाला चार कोपरे आहेत. तिने त्यांच्याकडे बघितलेही नाही. सासूबाईंनी जिन्याच्या तोंडाशी उभे राहून वर हाक मारली, की जेवायला खाली येऊ नकोस, ताट पाठवते. मग मुलगा आशेने आपल्याकडे बघतो आहे हे पाहून त्याला म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतोस? मी दुपारची झोपते. वयाच्या मानाने सुरक्षित असतं ते."

पुढचे दोन दिवस मी ताट घेऊन वर आणि रिकामे ताट घेऊन खाली, असा दोन घरांतला दूत होतो. त्यामुळे निर्धोक खोलीचा प्रत्यक्ष वापर मला जवळून बघता आला. खोलीत मुलांना करण्यासारखे काही नव्हते. खोली अशी रिकामी असली की मूल त्यातल्या एकमेव वस्तूकडे वळते, आणि ती वस्तू भाऊजी होते. बोट घालण्याजोगी दुसरी भोके भुंग्यासाठी उरलीच नव्हती, त्यामुळे भाऊजींचे कान, नाक आणि, झोप लागू लागली की, डोळे. फौजदाराने जबाब घ्यायला सुरुवात केली. तुम्ही ऑफिसला का जात नाही? साहेबांनी काढलं का? मुळातून काढलं का?

दुपारनंतर भुंग्याला लाद्या एकमेकींतून सुटतात हा शोध लागला. सुटलेल्या लादीचा कोपरा चावून बघता येतो हा त्याच्यापुढचा. भिंतीवरच्या खाली आल्या, त्यांच्याबरोबर पोपड्याचा उरलेला भागही आला. तेव्हा भाऊजींनी लाद्याही काढल्या आणि दिवाणखान्यात नेऊन ठेवल्या. मुलांना काहीतरी हातात हवे म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने स्वयंपाकघरातून दोन पातेली आणि एक डाव आणून दिला. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोकावलो तर ते उघड्या फरशीवर, भिंतीला टेकून, डोक्यावर कारखान्याचे पिवळे हेल्मेट घालून बसले होते. डाव भुंग्याच्या हातात होता.  त्यांनी विचारले, वर किती राहिलंय.

मी सांगितले, शेवटचा भाग चालू आहे, खुनी कबुली देतो आहे.

"लवकर दे म्हणावं," भाऊजी म्हणाले.

ताईने काम वेळेत पाठवले. रात्री खाली आली तेव्हा मुले आणि भाऊजी तिघेही दिवाणखान्यात, टेबल आणि कपाट यांच्या मधल्या फटीत, लाद्यांच्या ढिगावर झोपलेली होती. कुणाला कुठे खरचटलेलेही नव्हते. तिने हेल्मेट काढून खुंटीला लावले.

आठवड्याभराने उत्तर आले. काम पसंत होते, नोकरी कायमची होती. त्या रविवारी मी आणि भाऊजींनी मिळून टेबल, खुर्ची, कपाट, सगळे पुन्हा आत नेले. टेबलाच्या कोपऱ्यांना मी आणलेले रबर लावायला त्यांनी हरकत घेतली नाही. पकड नीट बसते आहे ना, एवढेच प्रत्येक कोपऱ्याशी वाकून बघितले. ताई दारात उभी राहून नेमणुकीचा मजकूर फोनवर वाचत होती. आमचे सामान लागून होईपर्यंत तिने आम्हाला थांबवले नाही.

प्रदर्शित न झालेल्या मालिका ती कंपनी इमारतीबाहेर जाऊ देत नाही. काम कंपनीच्या ऑफिसात जाऊन करायचे आहे. तिथे मुलांना आत सोडत नाहीत.